लीथाचं गाणं

सीफस टिलरी पडला तो शनिवारी, तंबाखूच्या वखारीसमोरच्या कोपऱ्यावर, भर बाजारात. लिलावाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी माल विकून मोकळे हिंडत होते, मासे तळणाऱ्यांच्या गाड्यांवर धूर होता, आणि अमेरिकेतल्या डरहम गावच्या त्या कोपऱ्यावर सीफस गिटार घेऊन आणि त्याची बायको आर्डीलिया खंजिरी घेऊन देवाची गाणी म्हणत होते. गाणं निम्म्यावर आलं असेल. खंजिरीला खालून धरून ठेवणारा गिटारचा जाड सूर एकदम नाहीसा झाला. तिनं वळून पाहिलं तर सीफसचा उजवा हात तारांवरून घसरून मांडीत पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, आणि तो त्या हाताकडे नवलानं बघत होता. डावा हात मात्र अजून तारा दाबून होता. मग तो खुर्चीसकट कलला.

समोर माउथ ऑर्गन वाजवणारा जूनियस धावत आला. त्यानं आणि एका शेतकऱ्यानं मिळून सीफसला घोडागाडीत घातलं आणि हेटी या काळ्यांच्या वस्तीतल्या, आपल्या लोकांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होता, काळाच होता, आणि खोटा धीर देणारा नव्हता. तो म्हणाला, "अर्धांगाचा झटका आहे. उजवी बाजू गेली. थोडीफार परत येईल, थोडी नाही येणार. आणि बोलण्याचं मला सांगता येत नाही. जीभ चांगली आहे. शब्द जिथं राहतात ती जागा दुखावलीय."

आर्डीलियाला ते नीटसं समजलं नाही. चार दिवसांनी समजलं. सीफस शुद्धीवर आला, तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पुष्कळ काही सांगायचं असल्यासारखं तोंड उघडून म्हणाला, "मग काय."

"काय हवंय? पाणी?"

"मग काय," तो म्हणाला, आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढेच दोन शब्द त्याच्यापाशी उरले होते. पाणी हवं असलं तरी मग काय, दुखलं तरी मग काय, शेजारीण मक्याची भाकरी आणि चरबीत शिजवलेला पाला घेऊन आली तर तिचे आभारही मग काय. पुढे पुढे आर्डीलिया आवाजाच्या चढ-उतारावरून ओळखायला शिकली. पण आवाजावरून ताक हवंय की गोधडी एवढंच कळतं. माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

सीफस काही आधीपासून देवाचा माणूस नव्हता. तरुणपणी तो ब्लूज गायचा, म्हणजे चर्चची माणसं ज्यांना दुनियेची गाणी म्हणत ती. दारूची, रेल्वेची, निघून गेलेल्या बायकांची. तंबाखूच्या गावागावांतून, जत्रांतून, मागच्या दारानं दारू विकणाऱ्या घरांतून तो गात फिरला. आर्डीलियानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तंबूतल्या प्रार्थनासभेत. तेव्हा ती तिशी ओलांडलेली, धाकट्या भावंडांची लग्नं लावून स्वतःचं राहून गेलेली बाई होती. सभेत कुणीतरी देवानं आपल्याला कसं तारलं याची साक्ष द्यायला उभं राहायचं, तसा हा लांबट, हडकुळा माणूस गिटार घेऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही. नुसता गायला.

दार उघडं ठेव, देवा, मी येतोय उशिरानं,
दार उघडं ठेव, देवा, मी येतोय उशिरानं,
पाय माझे थकले रे, लांबच्या या वाटेनं.

सगळा तंबू रडला. आर्डीलियाही रडली, आणि रडता रडता तिला वाटलं की ज्याला इतकं उशिराचं दुःख आहे तो माणूस पुन्हा कधी कुणाला वाट बघायला लावणार नाही. पुढल्या वर्षी तंबाखूची रोपं लावायच्या आधी त्यांचं लग्न झालं. तिनं एकच अट घातली होती.

"माझ्या घरात दुनियेचं गाणं वाजायचं नाही."

"नाही वाजणार," सीफस म्हणाला.

आणि त्यानं ते पाळलं. दाढी करताना गुणगुणला तरी भजनच गुणगुणला. बाजारात जूनियससारखे जुने सोबती ब्लूज वाजवत, त्यांच्या भोवती गर्दीही जास्त असे, पण सीफस रस्त्याच्या आपल्या बाजूला बसून देवाचंच गायला. 'दार उघडं ठेव' तर त्याचं नाव होऊन बसलं. त्यांच्या छोट्या चर्चमध्ये दर रविवारी ते म्हटलं जाई. आर्डीलिया ज्या कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढायची, तिथल्या बायकाही कामाच्या ठेक्यावर ते म्हणायच्या. नवीन आलेल्या बाईला कुणीतरी सांगायचं, "हिच्या नवऱ्याचं गाणं आहे हो हे." आर्डीलिया मान खाली घालून शीर ओढायची, पण तिला ते ऐकायला आवडायचं.

झटका येऊन महिना होत आला असेल. सीफसचा पाय थोडा वळायला लागला होता, हात तसाच होता. रविवारी दुपारी आर्डीलिया त्याला पायरीवर उन्हात बसवून रताळी सोलत होती. सवयीनं ती 'दार उघडं ठेव' गुणगुणत होती, नुसती चाल. डॉक्टर म्हणाला होता की गात राहा, कधीकधी गाण्यातून शब्द परत येतात. तिनं बरेच दिवस प्रयत्न केला होता. एकेक भजन घ्यायची, तो चाल बरोबर धरायचा आणि शब्दांच्या जागी आ आ करायचा.

त्या दुपारी त्यानं चाल धरली, आणि मग शब्द आले. स्वच्छ, एकही न अडखळता, जुन्या आवाजात.

दार उघडं ठेव, लीथा, मी येतोय उशिरानं,
दार उघडं ठेव, लीथा, मी येतोय उशिरानं,
पाय माझे थकले गं, लांबच्या या वाटेनं.

आर्डीलियाच्या हातातली सुरी थांबली. तिला आधी आनंदच झाला, कारण तो बोलत होता. मग नाव तिच्या कानातून आत उतरलं. तोवर तो पुढच्या कडव्यावर गेला होता, आणि हे कडवं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

खाट तुझी रिकामी, लीथा, उशी पडली गार,
खाट तुझी रिकामी, लीथा, उशी पडली गार,
उशिरा आलो, आता कुणाचं ठोठावू मी दार.

गाणं संपलं. सीफस तिच्याकडे बघून हसला, निम्म्या तोंडानं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं असावं की आपण काहीतरी पुरतं बोललो.

"कोण लीथा?" आर्डीलियानं विचारलं.

"मग काय," तो म्हणाला.

"माझं नाव सांग. सीफस, माझं नाव काय? डीली. म्हण, डीली."

त्यानं तोंड उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या, मानेच्या शिरा फुगेपर्यंत जोर लावला. "मग," तो म्हणाला. "मग... काय." आणि तिचा चेहरा पाहून त्यानं मान फिरवली.

सोमवारी कारखान्यात दुपारच्या सुमाराला त्या लांबलचक टेबलाच्या टोकाशी कुणीतरी तेच गाणं उचललं. धुळीनं बायकांची डोकी फडक्यांत बांधलेली, खोकत खोकत सगळ्या सूर धरायला लागल्या. एका कडव्याला एक पान, एका ओढीत एक शीर. आर्डीलियाच्या तोंडून आवाज फुटेना. 'देवा' म्हणायची जागा आली की तिला दुसरंच नाव ऐकू यायचं, जणू त्या साऱ्या बायका मुद्दाम तिच्या तोंडावर ते म्हणत होत्या. तिनं ओढलेलं पान मधोमध फाटलं. मग आणखी एक.

शेजारी बसणाऱ्या परलीननं कोपर मारलं. "मुकादम बघतोय. हात हलव. कसा आहे तुझा म्हातारा?"

"गातोय."

"मग चांगलं आहे की. तोंड कशाला पाडलंयस?"

"धुळीनं घसा बसलाय," आर्डीलिया म्हणाली.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ती घरी न जाता बाजाराकडे वळली. जूनियस न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून माउथ ऑर्गन रुमालानं पुसत होता. तिला बघून तो उठला आणि टोपी काढली. इतक्या वर्षांत ती आपणहून त्याच्याशी बोलायला आलेली त्यानं पाहिली नव्हती.

"जूनियस, लीथा कोण?"

त्यानं टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "कुणी सांगितलं तुम्हाला, आर्डीलियाबाई?"

"त्यानंच. त्याला दुसरं काही बोलता येत नाही, एवढं येतं."

जूनियसनं तिला बसायला जागा दिली आणि रस्त्याकडे बघत बोलला. लीथा रॉकी माउंट गावची. धोब्याचं काम करायची. सीफस आणि ती चार-पाच वर्षं एका घरात राहिली; लग्न केलं नव्हतं, करू करू म्हणत होती. मग तिला क्षय झाला. गावात एक औषधवाला खेळ घेऊन आला होता, बाटल्या विकायच्या आधी लोक जमवायला त्याला गाणारे हवे असत. तो सीफसला म्हणाला, चल माझ्याबरोबर.

"तिच्या औषधपाण्याला पैसे होतील म्हणून गेला," जूनियस म्हणाला. "हे खरं आहे. आणि त्याला जायचंच होतं, हेही खरं आहे. आजारी माणसाच्या खोलीत त्याचा जीव घुसमटायचा. मी होतो बरोबर. पंधरवड्यात येतो असं सांगून निघाला आणि थंडी संपता संपता परतला. तोवर लोकांनी तिला पुरलं होतं. कुठं पुरलं ते दाखवायलासुद्धा कुणी नव्हतं, शेजारीण म्हणाली तिकडं कुठंतरी. गाणं त्यानं त्याच आठवड्यात केलं. मग एक-दोन वर्षं नुसता प्यायला. आणि मग तो तंबू लागला, जिथं तुम्ही होता."

"तिथं त्यानं देवाचं गाणं म्हटलं."

"हो. नुसतं नाव बदललं." जूनियस थोडासा हसला, पण लगेच आवरला. "मी त्याला चिडवायचो. म्हणायचो, सीफस, तू देवाला वापरलेला कोट विकतोयस. तर म्हणतो कसा, देवानं अजून परत नाही केला."

आर्डीलिया उठली. वाटेत तिला कुणी हाक मारली तरी तिनं ओ दिली नाही.

घरी सीफस अंधारात बसला होता. तिनं दिवा लावला, त्याच्या समोर खुर्ची ओढली आणि इतका वेळ वाटेनं पाठ करत आणलेलं विचारलं. "त्या दिवशी तंबूत तू कुणाला गात होतास? देवाला की तिला?"

सीफस तिच्याकडे बघत राहिला.

"इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी उभी राहून खंजिरी वाजवली. उन्हात, गारठ्यात. मला वाटायचं आपण दोघं मिळून एकाला हाक मारतोय. तू कुणाला मारत होतास?"

"मग काय," तो हळूच म्हणाला. त्यात हो होतं, नाही होतं, किंवा तुला कसं सांगू होतं. तिला आवाजावरून ओळखता आलं नाही.

तिनं गिटार उचलली आणि पलंगाखाली आत सारून दिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आर्डीलिया त्याला भरवायची, धुवायची, कपडे बदलायची, पण बोलायची नाही. आणि सीफसनं गाणं बंद केलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. पाय पुन्हा आखडला. घास पुढे केला की तोंड मिटून घ्यायचा. एक दिवस ती कामावरून आली तर तो जमिनीवर होता, पलंगाखाली डावा हात खुपसून, आणि गिटारचं टोक काही त्याच्या बोटांना लागत नव्हतं. किती वेळ तसा होता देव जाणे. गाल फरशीला चिकटला होता.

आर्डीलियानं त्याला उठवून बसवलं. मग गुडघ्यांवर बसून गिटार ओढून काढली, झग्याच्या टोकानं पुसली आणि त्याच्या मांडीत दिली. डाव्या हाताची बोटं लगेच आपापल्या जागी गेली. त्यांना काहीच झालं नव्हतं. उजवा हात मात्र लोंबत होता. सीफस बोटांनी तारा दाबून तिच्याकडे बघत राहिला.

ती त्याला चिकटून बसली आणि त्याच्या उजव्या हाताच्या जागी आपला हात घातला. आयुष्यभर शेजारी उभी राहून पाहिलं होतं, तरी अंगठा कुठं आणि बोट कुठं हे हाताला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा नुसता खडखडाट झाला. त्यानं मान हलवून ठेका दिला. ठेका तिला येत होता, खंजिरीचाच होता तो. तिसऱ्या-चौथ्या वेळी सूर लागला, आणि सीफस लीथाला गायला लागला. आर्डीलियानं दात आवळून, डोळे मिटून तारा छेडल्या. ज्या घरात दुनियेचं गाणं वाजायचं नव्हतं त्या घरात ती स्वतः ते वाजवत होती. गाणं संपल्यावर तो निम्मी वाटी कांजी प्याला.

मग शनिवारी ती त्याला बाजारात घेऊन गेली. घरात बसून तो वाळत चालला होता, आणि ऊन चांगलं पडलं होतं, एवढंच कारण होतं. एकाच गिटारवर दोन माणसांचे दोन हात बघायला गर्दी जमली. जूनियस रस्ता ओलांडून त्यांच्या बाजूला आला आणि विचारल्याशिवाय मागून माउथ ऑर्गन धरला. दुसऱ्या कडव्याला एक म्हातारा शेतकरी टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेला. कारखान्यातल्या परलीननं गर्दीतून पाहिलं, ऐकलं, आणि आर्डीलियाच्या नजरेला नजर देईना.

गर्दीच्या कडेला चर्चमधल्या मानाच्या म्हाताऱ्या, मदर सॅटरफील्डही उभ्या होत्या, हातात भाजीची टोपली, डोक्याला पांढरी टोपी. गाणं पुरतं ऐकून त्या गेल्या.

सोमवारी संध्याकाळी एल्डर हॉर्टन घरी आले. चर्चचे पाद्री, पण आठवडाभर विटा वाहायचे, आणि हातांवर लाल धूळ घेऊनच आले होते. सीफसच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. मग आर्डीलियाला म्हणाले, "सिस्टर, तो आजारी आहे. त्याला मी काही म्हणत नाही. पण तुम्ही आजारी नाही."

"नाही."

"तुमच्या हातानं वाजतंय ते."

"त्याचा हात चालत नाही, एल्डर. म्हणून माझ्या."

एल्डरनी हातांवरची लाल धूळ पुसली. चिडलेले नव्हते, चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसून हेच गाणं म्हटलं," ते म्हणाले. "शेवटच्या घटकेला तिनं माझ्याबरोबर ओठ हलवले. आता मदर सॅटरफील्ड येऊन मला सांगतात की ते कुण्या मेलेल्या बाईचं आहे. मग सांगा सिस्टर, मी माझ्या आईला कुणाच्या दाराशी नेऊन सोडलं?"

आर्डीलियाचाही प्रश्न तोच होता.

"चर्चमध्ये ते गाणं बंद करतोय," एल्डर म्हणाले. "आणि जोवर तुम्ही रस्त्यावर ते वाजवताय, तोवर तुम्हाला पुढं बसता येणार नाही. खंजिरी घेऊ नका. मागच्या बाकावर बसा. यायचं मात्र सोडू नका."

"बरं," आर्डीलिया म्हणाली.

ती मागच्या बाकावर बसायला लागली. पुढच्या बायका वळून बघायच्या आणि पुन्हा समोर बघायच्या. तिथं बसून ती हात जोडून देवाला विचारायची की बाबा रे, तुला हे ठाऊक होतं का. तुला ठाऊक असून तू ऐकून घेत होतास का. पण वरूनही काही स्पष्ट उत्तर आलं नाही.

थंडी वाढली तसं बाजारात जाणं थांबलं. शेगडीजवळ बसून दोघं गायची. आता तिचा हात चांगला बसला होता. एका संध्याकाळी बाहेर गारांचा पाऊस चालू असताना तिच्या मनात आलं की हे गाणं एकदा बदललंच होतं, पुन्हा का बदलू नये. ती त्याच्याबरोबर म्हणायला लागली आणि नावाच्या जागेला मोठ्यानं म्हणाली, "देवा."

सीफस थांबला. डावा हात तारांवरून उचलला.

"म्हण ना. इतकी वर्षं म्हणत होतास. दार उघडं ठेव, देवा."

त्याला येईना. ओठ हलले, चाल आली, आणि त्या जागी पोचल्यावर नुसता श्वास बाहेर पडला. मग तिनं पुन्हा तारा छेडल्या, आणि या वेळी तिचा आवाज तिच्या मनाविरुद्ध लहान झाला.

"दार उघडं ठेव, डीली..."

चालीत ते नाव अगदी बरोबर बसत होतं, एक मात्रा इकडेतिकडे नाही. सीफसनं तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. ती काय मागतेय ते सगळं कळलं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्यानं प्रयत्न केला. ओठ जुळवले, जीभ वर नेली, घाम आला त्याला. मग त्यानं गिटारवरचा डावा हात काढून तिच्या हातावर ठेवला आणि थोपटत राहिला. "मग काय," तो म्हणाला. "मग काय."

शेगडीतला कोळसा खाली बसला. आर्डीलियानं नाक पुसलं, गिटार सारखी केली आणि स्वतः सुरुवात केली. "दार उघडं ठेव, लीथा." त्याचा आवाज लगेच तिच्या आवाजाला येऊन मिळाला. दोन्ही कडवी त्यांनी एकत्र म्हटली, दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज वर आणि त्याचा खाली, जसे ते कोपऱ्यावर देवाचं गाताना लावायचे तसेच. त्या बाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण उशी गार पडली म्हणताना तिला ती दिसली. खोकणारी, दाराकडे कान लावून पडलेली, आणि येणारा माणूस मुळी निघालेलाच नाही हे ठाऊक नसलेली. तिच्याबद्दल आर्डीलियाच्या मनात जे साचलं होतं ते त्या संध्याकाळी सगळं गेलं असं नाही. पण ते पूर्वीसारखं टोचेना.

नाताळ झाल्यावर दुसरा झटका आला आणि सीफस दोन दिवस घरघरत पडून पहाटे गेला. शेवटी मग काय हेसुद्धा नव्हतं.

एल्डर हॉर्टन यांनी अंत्यविधी व्यवस्थित केला. आर्डीलियाला पुढच्या बाकावर बसवलं, विधवेची जागा तिथंच असते. कुठलं भजन घ्यायचं हे त्यांनी तिला विचारलं नाही. दुसरंच एक, सगळ्यांना येणारं घेतलं. जूनियसनं माउथ ऑर्गन आणला होता, पण आत वाजवू दिला नसता हे त्यालाही ठाऊक होतं. तो दफनभूमीच्या कडेला पाईनच्या झाडांत टोपी हातात धरून उभा राहिला आणि माती पडल्यावर निघून गेला. पुढे तो कामासाठी उत्तरेला गेला असं तिच्या कानावर आलं.

सगळे पांगल्यावर एल्डर मागे थांबले. जमीन थिजली होती आणि खड्डा बुजवणाऱ्यांना ढेकळं फोडावी लागत होती.

"सिस्टर," एल्डर म्हणाले, "तुम्ही त्याच्याबरोबर राहिलात. तो माणूस खरंच वळला होता का? देवाकडे?"

आर्डीलियाला वाटलं आपण हो म्हणावं. एल्डरना ते हवं होतं, आणि त्यांच्या आईसाठीही हवं होतं.

"मला ठाऊक नाही, एल्डर," ती म्हणाली. "दारू त्यानं सोडली होती. माझ्यावर कधी हात उगारला नाही. रोज रात्री गुडघे टेकायचा. कुणापुढं, ते मी विचारलं तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं."

एल्डरनी मान हलवली आणि तिला हाताला धरून उतारावरून खाली आणलं.

पुढच्या हंगामात आर्डीलिया शनिवारी पुन्हा कोपऱ्यावर उभी राहायला लागली. एकटीच, खंजिरी घेऊन. गिटार तिनं घरीच ठेवली. दुसऱ्या हाताशिवाय ती तिला येत नव्हती आणि शिकावंसं वाटलं नाही. चर्चमध्ये तिला पुढं बोलावलं होतं, तरी ती मागच्याच बाकावर बसायची. तिथं वारा बरा येतो म्हणायची. बाजारात ती साधी, जुनी भजनं म्हणायची. ज्यांनी सीफसला पाहिलं होतं ते शेतकरी विचारायचे, म्हातारा कुठं गेला, आणि ती सांगायची.

एकदा एक तरुण जोडपं थांबलं. बाई पोटुशी होती. नवरा म्हणाला, "गेल्या साली तुम्ही दोघं एक गाणं म्हणत होता. लीथाचं. ते म्हणा ना, हिला ऐकवायचंय."

"ते मी म्हणत नाही," आर्डीलिया म्हणाली.

"का? देवाचं नाही म्हणून?"

तिनं त्या पोरीकडे पाहिलं. सुजलेले पाय, अंगावर नवऱ्याचा कोट. "तुम्ही रात्री घरी असता ना?" तिनं त्या तरुणाला विचारलं.

तो गोंधळला. "असतो की."

"मग तुम्हाला ते गाणं कशाला हवंय," आर्डीलिया म्हणाली, आणि खंजिरी उचलून तिनं दुसरंच एक भजन धरलं. ती दोघं थोडा वेळ ऐकत उभी राहिली, आणि मग मासे तळणाऱ्याच्या गाडीकडे गेली.